तेरा ते सात ठिपक्यांची विहीण

॥ श्री ॥
छत्रपती संभाजीनगर
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
सत्यभामेचा शि. सा. न. वि. वि.

गोकुळ कंडक्टरबरोबर पाठवलेला दोन किलो हुरडा, हरभऱ्याचे घाटे आणि लसणाची चटणी पोचली. स्टँडवरून रिक्षावाला शंभर मागत होता, साठ दिले. फोनच करणार होते, पण तुझी सून स्पीकर लावते आणि अख्खी गल्ली ऐकते. ही गोष्ट गल्लीची नाही.

काल बागेत चित्रांचा कार्यक्रम होता, लहानथोर सगळ्यांना मोकळा. कागद-पेन्सिल फुकट, म्हणून मी गेलेच. खोडरबर मात्र ज्याचा त्याचा. बाहेर पाच रुपयाला होता, नाही घेतला. अनोळखी माणसासमोर बसायचं, एकमेकांचा चेहरा काढायचा आणि शेवटी ज्याचा त्याला देऊन टाकायचा. माझ्यासमोर अंबाडा घातलेल्या एक भारदस्त बाई आल्या. अक्का, मला रांगोळीशिवाय काय येतं? मी आधी तेरा ते सात ठिपके मांडले आणि त्यावरून तोंडाच्या रेषा वळवल्या. नाक बरं आलं, अंबाडा तर फक्कड. पण ठिपके गालावर, कपाळावर तसेच राहिले. बाईंनी कागद बघून, आपल्याला कांजिण्या कधी झाल्या, असं तुटक विचारलं. मी सांगणार तोच त्यांना न्यायला मुलगा आला. अभय! आपल्या मेघानं पसंत केलेला, तिच्या मोबाइलवर रोज बघते तो. येत्या रविवारी तो आईला घेऊन आपल्याकडे येणार आहे. आईनं हो म्हटलं तरच लग्न, असं दोघांचं ठरलंय. आणि मी त्याच आईला कांजिण्या काढून बसले! पदर तोंडावर ओढून कारंज्यामागून पळाले. एक चप्पल तिथंच राहिली.

मेघाला बोलले नाही. इथल्या सातारा गावच्या खंडोबाला नारळ बोललेय. रविवारी ताप आला म्हणून आत पडून राहू का? लवकर सांग. हुरड्यासारखीच माया धाडत राहा.

तुझी,
सत्यभामा


फर्दापूर
गुरुवार, १३ फेब्रुवारी

चि. सौ. सत्यभामास अ. उ. आ.

पत्र वाचून इतकी हसले की तुझे दाजी गोठ्यातून पळत आले, त्यांना वाटलं कुणी गेलं. मग तेबी हसत बसले आणि म्हशीची धार राहिली.

बाई, तू चौथीत गाय काढली तवाबी आधी ठिपकेच मांडले होते. मास्तरांनी बिबट्या समजून दहापैकी सात दिले. तुझी खोड जुनी हाय.

ताप-बीप काय नाय. विहीण जन्माची, खोटा ताप किती दिवस पुरंल? पोरीचा जीव बसलाय ना, मग उठ. दारात तेरा ते सातची मोठी रांगोळी घाल, निम्मी भर, निम्मे ठिपके उघडे ठेव. जे तुला सांगता आलं नाय ते उंबरा सांगंल. पदर तोंडावर घेऊ नको, नवी नवरी नायस तू.

हुरडा वाळायच्या आत खा. घरच्यांस आशीर्वाद.

तुझी अक्का,
सारजा


छत्रपती संभाजीनगर
रविवार, १६ फेब्रुवारी

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आज आलेलं सामान: पेढे अर्धा किलो, केळी डझनभर आणि माझी एक चप्पल. माझा खर्च: पोहे, दूध, खोबरं मिळून दोनशे दहा, खोडरबर पाच.

बाई दारात आल्या आणि रांगोळीपुढं थांबल्या. पाय उचलेनात. त्यांनी पर्समधून माझा कागद काढला, खाली वाकल्या, रांगोळीशी ताडून पाहिला आणि हसत हसत पायरीवरच बसल्या. मग हळूच दुसरा कागद काढला. त्यांनी काढलेली मी! अक्का, कागदभर नुसतं तोंड, तेही उघडं. डोळे-नाक कोपऱ्यात दाटीवाटीनं उभे. मी म्हणे अखंड बोलत होते, तोंडाशिवाय काही दिसलंच नाही. मी पळाल्यावर अभयनं त्यांना सांगितलं, या मेघाच्या आई; त्यानंही माझा फोटो पाहिलेला. तेव्हापासून त्यांनाही एकच घोर, असलं तोंड काढल्यावर कुठल्या तोंडानं जायचं. आज त्यासुद्धा ताप आल्याचं सांगणार होत्या!

मेघानं दोन्ही कागद पाहिले आणि तोंड हुबेहूब आईचंच आहे असं जाहीर केलं. ह्यांनी लगेच मान डोलावली. ह्यांना दुसरा चहा दिला नाही.

लग्न वैशाखात. विहीणबाईंची एकच अट, मांडवाची रांगोळी दोघींनी घालायची, ठिपके माझे, रेषा त्यांच्या.

येत्या रविवारी बागेत पुन्हा कार्यक्रम आहे, आम्ही दोघी जाणार. तुझा चेहरा काढायचा राहिलाय, तेव्हा शनिवारीच ये. तुला वेगळा खोडरबर घ्यायला नको, एकात तिघींचं भागेल. कितीच्या बसनं येतेस ते उलट टपाली कळव.

तुझी,
सत्यभामा