काठीचं रबर

सोम. ३ फेब्रु. १९७५
कुत्र्याच्या पिल्लानं आज ह्यांच्या काठीच्या टोकाचं रबर कुरतडून काढलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. हे उठले, काठी शहाबादी फरशीवरून सटकली. दाराची चौकट हाती लागली म्हणून निभावलं. दिवाळीत अर्धांगाचा झटका आल्यापासून हे एवढंच चालणं उरलंय.
पिल्लू ह्यांच्याच हट्टानं आलेलं. दूधवाल्या गंगारामला सांगितलं, परत तुझ्या गावी, कुंभारीला घेऊन जा.
"दात येतेत की बाई त्याला. चावनारच. आयतवारी न्हेतो. पर मालकाला इचारलं का?"
विचारलं नाही. सांगितलं. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मंगळ. ४
रविवारपर्यंत घर वाचवायला हवं. खुर्चीच्या पायांना लाल तिखट कालवून फासलं. पिल्लू सात-आठदा शिंकलं आणि पलंगाचा पाय धरला. हे हसले. तोंड वाकडं होतं, पण हसले. त्याच हातानं मी डोळा चोळला. पुढचा अर्धा तास वाया.

बुध. ५
कडक भाकरी दिली चघळायला. घटकाभर शांतता. मग माझ्या चपलेचा अंगठा.
डॉ. नी अंगणात फेऱ्या सांगितल्यात. माझ्या सांगण्यावरून चार होत नाहीत. आज पिल्लाच्या मागे, "बंड्या, बंड्या" करत, अकरा. (नवं रबर आणून बसवलंय.) मी स्वयंपाकघरातून मोजल्या. राग आला. कोणाचा, ते...

शुक्र. ७
शेजारच्या हमीदाभाभी भिंतीवरून:
"बाई, उसकू हड्डी होना. भाकरी से क्या होता?"
म्हटलं, आमच्या घरात अंडंसुद्धा आलेलं नाही.
"तुमारे घर में नक्को. हमारे अंगन में खाएंगा. मैं क्या तुमकू खिलारी?"
आणि पोट धरून हसल्या. मी नाही म्हटलं.
इंटरला बेडूक कापून आले की आई मागल्या दारी आंघोळ घालायची, मगच आत. तेव्हा तिला हसत होते.

शनि. ८
नवं रबरही अर्धं गेलं. तेव्हापासून हे काठी मांडीवर घेऊन बसले. पिल्लू पायाशी, काठी मांडीवर. एकही फेरी नाही.
संध्याकाळी म्हणाले, "न-को... पाठवू." दोन शब्दांना केवढा वेळ. मी ऐकून घेतलं. दमले आहे.

रवि. ९
गंगाराम पोतं घेऊन आला. हे दारात खुर्ची टाकून बसलेले, पाय आडवे.
"आता मालकाला वलांडून जाऊ व्हय?"
पुढच्या रविवारी ये म्हटलं.
दुपारी पिल्लाला दोरीनं भाभींच्या अंगणात नेलं. त्यांनी हाड टाकलं. मी पाठ करून उभी राहिले. आवाज ऐकू येतच होता. तासाभरानं आणलं, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. ते ह्यांच्या खुर्चीखाली झोपलं. काठी शेजारी होती, तिला शिवलं नाही.

गुरु. १३
चार दिवस काठी शाबूत. सोमवारी बसवलेलं तिसरं रबर टिकलंय. रोज दोनला आपणच भिंतीच्या फटीतून तिकडे जातं, साडेतीनला येतं.
आज पाच वाजले तरी आलं नाही. भाभींना हाक मारली.
"सोरा बाई. जबरदस्ती नक्को करो. दिल हुआ तो आएंगा." तिकडेच झोपलंय म्हणे.
हे उठले. अंगणात नव्हे, रस्त्याकडच्या दाराला; भाभींकडे जायची वाट तिथूनच. तिथल्या तीन पायऱ्या दिवाळीपासून उतरलेले नाहीत. मी धरायला गेले तर डाव्या हातानं बाजूला केलं. चपला पुढे ठेवल्या, एवढंच करू दिलं.
आता खिडकीशी वही घेऊन बसले आहे. नुसती बसले असते तर धावत गेले असते.
दोन पायऱ्या उतरले. तिसरीच्या आधी थांबलेत. काठी खाली टेकवून बघतायत, पुन्हा वर घेतायत. "बंड्या" म्हणतायत, जोडाक्षर जड जातंय. पलीकडून काही हालचाल नाही.
पुन्हा काठी टेकवली.