एका वेळी एकच औषध

चकलांबा, ता. ४ डिसेंबर

चि. रोहिणीस, आबाचे अनेक आशीर्वाद.

इकडे माणसं आणि मेंढरं ठीक. फोन स्पीकरवरच चालतो, आणि तुझ्या आईपुढे त्या रोगाचं नाव नको, म्हणून पत्र. तू लिहिलंस, की तुमच्या प्रयोगशाळेत व्हिटॅमिन सी भरपूर घातलं की कॅन्सरच्या पेशींना ताकद तयार करता येत नाही, त्या उपाशी मरतात. मग मी गप्प बसतो होय? तिला रोज तांब्याभर आवळ्याचा रस पाजतो. कळपाचा नियम तुला ठाऊकच आहे, एका वेळी एकच औषध. दोन पाजली की मेंढरू आडवं होतं. म्हणून या खेपेची केमोची सुई चुकवली. तिचं तोंड उजळलंय, भाकरी खाते. आता बाईसाहेबांनी बापाला शाबासकी द्यावी. लोभ वाढता ठेव.

तुझा,
आबा

पुणे, ता. ८ डिसेंबर

ती. आबांस, साष्टांग नमस्कार.

पत्र आजच मिळालं. रानात तुमचा फोन लागेना, म्हणून तातडीच्या टपालानं लिहिते. मी सांगितलं ते काचेच्या बशीतल्या पेशींचं होतं, आईचं नव्हतं. आम्ही बशीत ओततो तेवढं व्हिटॅमिन सी तोंडावाटे रक्तात पोचतच नाही, गाडीभर आवळे खाल्ले तरी. शिरेतून देऊन माणसांवर तपासणं अजून चालू आहे. केमोऐवजी तर ते नाहीच. तोंड उजळलं ते सुई थांबून थकवा उतरला म्हणून. गाठ मात्र मोकाट चरते आहे. आबा, मला फार भीती वाटते. मेंढरं मुंजाजीकाकांवर सोपवा आणि आईला लगेच बीडला दवाखान्यात न्या. रागवा, पण लोभ असू द्या आणि निघा.

तुमची,
रोहिणी

चकलांबा, ता. १४ डिसेंबर

चि. रोहिणीस, आशीर्वाद.

नेलं. गाठ थोडी वाढली आहे. सुई परत सुरू झाली. डॉक्टरीणबाई मला बोलल्या, ते बरोबरच होतं. मग त्यांनी रोगाचं नाव घेऊन तुझ्या आईलाच विचारलं, की हे औषध तुम्हाला घ्यायचंय ना. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "नाव मला ठावं हाय. ह्यांनी एक पाजलं, एक बंद केलं. मेंढराला इचारत न्हाईत, तसं मलाबी कुनी इचारलं न्हाई. मला सुई घ्यायची हाय."

माझी मान वर होईना. पोरी, तू शिकलेली, मी जाणता, आणि तिच्या जिवाबद्दल आपण एकमेकांनाच लिहीत बसलो. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस. ती बशीतली गोष्ट आता तिला नीट समजावून लिही. पत्र तिच्या नावानं घाल. मी वाचून दाखवीन, एक अक्षर न गाळता.

तुझा,
आबा