टिकल्यांचा भाव आणि तुमचे बंधू

प्लेनो, टेक्सास
गुरुवार, १४ ऑगस्ट १९८६

तीर्थस्वरूप पुरुषोत्तम भाऊजींच्या पायांशी पद्मिनीचा टेक्सासातून दंडवत.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही ‘बरा आहे’ असं लिहिलंत आणि सुलभावहिनींनी खाली बारीक अक्षरात ‘काही बरा नाही’ असं लिहिलं होतं, तेव्हा या वेळी खरं काय ते त्यांनाच लिहू द्या. वहिनींची साखर, नवी म्हैस, शेजारच्यांशी बांधावरून चाललेलं भांडण, सगळ्यांची खुशाली कळवा. इकडं मी ठणठणीत. दीपा ठणठणीत, कॉलेजला जाते आणि मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. तुमचे बंधूही ठणठणीत आहेत. खुर्चीत आहेत.

आता खुर्चीचं सांगते. मार्चात त्यांचा कारखाना बंद पडला. (तेलाच्या विहिरी खणायची हत्यारं करत होते. तेलाचा भाव कोसळला, आता विहिरी खणतंय कोण.) तेव्हापासून मागं रेललं की पाय वर करणाऱ्या त्या खुर्चीत हे जे पडलेत ते जेवायला आणि झोपायला तेवढे उठतात. दादाला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली. म्हणतात, दादानं स्वतः शाळा सोडली, गुऱ्हाळावर राबला आणि मला डिप्लोमा करवला, त्याला आता काय तोंड दाखवू? मी म्हटलं, दादा कराडात आहेत, तोंड दाखवायचं नाहीच, नुसतं पत्र लिहायचंय. पण नाही. पाच महिने मी शपथ पाळली, आज मोडते. (शपथ त्यांनी स्वतःच्याच गळ्याची घातली होती, पण इतक्या लांब ती लागू होत नसावी असं माझं मत आहे.)

भाऊजी, माणूस आजारी पडला तर काढा देता येतो, खुर्चीत पडला तर काय द्यायचं? पूर्वी दर शनिवारी अर्ल नावाच्या कारखान्यातल्या सोबत्याबरोबर नेम मारायला जायचे. घाबरू नका, कागदावर मारतात. इथं तो खेळ आहे. परत येताना शीळ घालत यायचे, तेव्हा मी ‘बंद करा ते’ म्हणायचे, आता ती शीळ ऐकायला मिळावी म्हणून जीव तळमळतो. पण पन्नास काडतुसांचा डबा बारा डॉलर. पगार नाही म्हटल्यावर त्यांनी तेही सोडलं. गॅरेजमध्ये त्यांचं एक हातानं दाबायचं यंत्र पडून आहे, त्यावर उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरता येते. खाली टिकली, आत दारू, वर गोळी. (दारू म्हणजे बंदुकीची. आधी पुढं वाचा, मग रागवा. आणि टिकली म्हणजे दिवाळीत पोरं फोडतात तिची थोरली बहीण.) असं घरी भरलं की तोच डबा चार डॉलरात पडतो. मी म्हटलं, भरा की मग! तर म्हणे सामान संपलंय, आणि दुकानात गेलो तर कारखान्यातली माणसं भेटतील. मी म्हटलं, मला कोण ओळखतंय? बसा तुम्ही. मी आणते.

आता कोणती टिकली आणि केवढी गोळी ते मला काय ठाऊक. ब्लाऊजपीस जुळवायला साडी नेतो तशा मी त्यांच्या पन्नास-साठ रिकाम्या पुंगळ्या कापडी पिशवीत घातल्या. पण त्या काळ्याकुट्ट! असलं पितळ घेऊन चारचौघांत जायचं म्हणजे घरातल्या बाईचीच अब्रू. म्हणून आदल्या दिवशी चिंच भिजवली, मीठ घातलं आणि देवाची उपकरणी घासतो तशा एकेक घासून उन्हात वाळवल्या. मग गाडी काढली.

पहिलं दुकान हायवेलगत, देवळाएवढं मोठं. शंभर टिकल्या दोन डॉलर, दारूचा डबा चौदा. मिशीवाला माणूस भाव असा सांगत होता जसा तो वेदात लिहिलाय. मी सव्वा डॉलर म्हटलं. तो हसला. मी दीड म्हटलं. त्यानं बोटानं भावाची चिठ्ठी दाखवली. दीपा माझा दंड धरून म्हणायला लागली, “आई, यू कान्ट बार्गेन हिअर, प्लीज.” मी म्हटलं, तू गप्प बस, मिरज मार्केटात तुझा जन्म गेला नाही. आणि पाठ फिरवून तरातरा चालू पडले. भाऊजी, जगात कुठंही पाठ फिरवली की दुकानदार हाक मारतो. मी दारापर्यंत गेले. हाक नाही. दारात जरा पदर सारखा केला. हाक नाही. गाडीत बसले, काच खाली केली आणि दहा मिनिटं वाट बघितली. दीपा कपाळाला हात लावून बसली होती. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की चष्मा आत राहिला. तो आणायला त्याच मिशीसमोर पुन्हा जावं लागलं. त्यानं चष्मा दिला आणि “हॅव अ नाइस डे” म्हणाला. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

दुसरं दुकान गावाबाहेर, पत्र्याचं. मालक व्हर्जिल, साठीचा, पोट आपल्या तात्या सरपंचांसारखं, गालात तंबाखू. (चुना नाही, नुसतीच. म्हणून सगळे असे फिके.) भाव रास्त, शंभर टिकल्या सव्वा डॉलर. मनात म्हटलं, हा माणूस आपला. पण टिकल्याच नाहीत! मंगळवारी येतील म्हणाला. मंगळवारी गेले तर पुढच्या मंगळवारी. त्या मंगळवारी गेले तर सकाळी आल्या होत्या आणि तासात संपल्या. मी म्हटलं, अरे मग माझ्यासाठी ठेवायच्या नाहीत? तर म्हणाला, जो आधी येईल त्याला. म्हणजे रांग! रांग म्हटल्यावर मला कोण शिकवणार? रॉकेलच्या रांगेत आपण डबा ठेवून घरी येतो तशी मी पुंगळ्यांची पिशवी त्याच्या काउंटरवर पहिल्या नंबराला ठेवली, “धिस इज मी” असं बजावलं आणि निघून आले.

पुढच्या मंगळवारी गेले तर पिशवी रिकामी आणि माझ्या सगळ्या पुंगळ्या काउंटरवर ओळीनं उभ्या, सोन्याच्या असल्यासारख्या. तिघं गिऱ्हाईकं हात मागं बांधून बघत होती. माझ्या पिशवीला हात लावला म्हणून मी बोलणार होते, पण व्हर्जिलनं आधीच विचारलं की हे कोणी केलं? मी म्हटलं, मी. कशानं? चिंच. कोणतं मशीन? मी दोन्ही हात दाखवले. भाऊजी, हे लोक पितळ घासायला यंत्रात अक्रोडाची टरफलं घालून तासन्‌तास हलवत बसतात, आणि त्या टरफलांच्या पिशवीला नऊ डॉलर मोजतात! अक्रोड खाऊन टाकायचा आणि टरफल विकत घ्यायचं! त्यानं मला मागं नेऊन नेमबाजीच्या मैदानावरून वेचलेल्या काळ्या पुंगळ्यांची दोन पिंपं दाखवली, कोणी घेत नाही म्हणाला. तिथंच सौदा ठरला. मी घासून द्यायच्या, त्यानं मला टिकल्या, दारू आणि गोळ्या द्यायच्या, आणि मंगळवारी पहिला नंबर माझा. सौदा झाल्यावर मी विचारलं, वर काय देणार? (भाजीवर कोथिंबीर देतात ना, तसं.) त्याला कळेना. मी हात पसरून उभीच राहिले. शेवटी हरणाच्या चित्राचं एक कॅलेंडर दिलं. ऑगस्टात! पण घेतलं.

मग न्हाणीघरातल्या टबात चिंचेचं पाणी केलं आणि एक पिंप ओतलं. दीपाचं तोंड आठ दिवस फुगलेलं. (“डिस्गस्टिंग” म्हणते. अंघोळीला मैत्रिणीकडं जाते.) आणि तुमचे बंधू? टिकल्या आल्या, दारू आली, गोळ्या आल्या, सगळं खुर्चीशेजारी नेऊन मांडलं. “बरं” म्हणाले आणि टीव्हीकडं बघत राहिले. मी इतकी भडकले की घासलेल्या सगळ्या पुंगळ्या, लांब्या, आखूड, चेपलेल्या, एकाच घमेल्यात भरून त्यांच्या मांडीवर आदळल्या आणि म्हटलं, मला सगळ्या सारख्याच दिसतात, अशाच देऊन टाकते व्हर्जिलला.

बस. तेच लागलं. “सारख्या? डोळे फुटले काय तुझे?” असं ओरडून उठले! पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्या अंगावर ओरडले, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. जमिनीवर मांडी घालून बसले आणि वेगळ्या करायला लागले. न मोजता, नुसत्या बोटांनी. ही चेपलीय, ही ताणलीय, ही फेक. केसाएवढा फरक त्या बोटांना कळतो, ती कला काय खुर्चीत बसून जाते? मंगळवारी स्वतः आले माझ्याबरोबर, “तू काहीतरी घोळ घालशील” म्हणून. तिथं व्हर्जिलचं पुंगळ्या भरायचं मोठं यंत्र तीन महिने बंद पडलं होतं. यांनी वास घेतल्यासारखं त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या, बाह्या सरसावल्या आणि दुपारपर्यंत चालू करून दिलं. व्हर्जिल बघतच राहिला. लगेच म्हणाला, आठवड्यातले चार दिवस ये, दुरुस्तीचं टेबल तुझं.

आणि हे नाही म्हणाले. गाडीत बसल्यावर मला म्हणतात, दादानं गुऱ्हाळाचा धूर खाऊन मला डिप्लोमा करवला तो बंदुकीच्या दुकानात हरकाम्या व्हायला? घरी आले आणि पुन्हा खुर्चीत. व्हर्जिलला सोमवारपर्यंत उत्तर पाहिजे, त्यांच्याच कारखान्यातले आणखी दोघं त्या टेबलाकडं डोळे लावून आहेत.

तर असं सगळं आहे. काळजीचं काही कारण नाही, मी आहे. वहिनींना माझं विचारणं सांगा, म्हशीला नजर लागू देऊ नका.

तुमची भावजय,
पद्मिनी

ता. क. मुख्य लिहायचं राहिलं. भाऊजी, हा माणूस जगात एकट्या तुमचं ऐकतो. त्यांना लगेच पत्र टाका, की हाताला काम आहे ते कर, कोणतंही काम हलकं नसतं. आणि खुर्चीचा उल्लेख कडक शब्दांत करा.

ता. क. (शनिवार) तिकीट नव्हतं म्हणून पत्र घरीच राहिलं, आणि मग ध्यानात आलं की ते तुमच्याकडं पोचायला बारा दिवस आणि उत्तर यायला बारा. व्हर्जिल कसला थांबतोय. तेव्हा तुमचं पत्र मीच लिहून टाकलं. रागवू नका. आज दुपारी जेवताना वाचून दाखवलं. (गावाकडची पत्रं या घरात मीच वाचते, हे नुसते ऐकतात. आणि चौथी शिकलेली बाई असलं काही रचू शकेल अशी शंका कोणाला येत नाही, हा कमी शिकण्याचा मोठा फायदा.) चांगलं लिहिलंय तुम्ही. ‘चिरंजीव बाळ दिगंबर’ अशी सुरुवात आहे. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा यांचं नाव तोंडानं घेतलं, पण पत्र तुमचं म्हटल्यावर इलाज नव्हता. पुढं ‘धूर मी खाल्ला तो तू मोठा साहेब व्हावास म्हणून नाही, तुझे हात चालते राहावेत म्हणून’ असं तुम्ही म्हणता. यांनी मान खाली घालून ऐकलं, उठून हात धुतले आणि गॅरेजमध्ये गेले.

ता. क. (सोमवार) आज कामावर गेले. डबा भरून दिला. दारात थांबले आणि म्हणाले, “दादाचं ते पत्र जपून ठेव. मला स्वतः वाचायचंय.” मी म्हटलं, ठेवलंय. तर बुटाची नाडी बांधता बांधता म्हणतात, “दादानं जन्मात मला बाळ म्हटलं नाही. दिग्याच म्हणतो.” मग डबा उचलला आणि गेले.

तेव्हा भाऊजी, सोबत मजकूर जोडलाय तो तुमच्या अक्षरात जसाच्या तसा उतरवून पाठवा. ‘बाळ’ खोडू नका.