पानाचा देठ

३ फेब्रुवारी, मंगळवार

बाळाला घेऊन येळ्ळूरला घरी आलो. सगळे पेढे वाटतायत, मला नुसती धाकधूक. पहिली काळी शी जन्मल्या दिवशी व्हायची, ती तिसऱ्या दिवशी झाली. "होतं कधी कधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पोट मात्र टणक!

संध्याकाळी आत्तींनी — सासूबाईंनी — विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून हळूच खालून लावला. पिचकारीसारखी शी उडाली. पोट बसलं. "कशाला भ्यायचं गं? मोकळं झालं बग." त्यांचे पाय धरावेसे वाटले.

७ फेब्रुवारी, शनिवार

हिरवी उलटी. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात भरती.

सर्जनना शंका आहे — आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूंच्या पेशीच नसाव्यात. मग तो भाग आवळलेलाच राहतो, शी मागे साठत जाते. घरात पूर्वी कुणाला असं काही, त्यांनी विचारलं. माझा नवरा, रविराज, म्हणाला, नाही. सोमवारी खालून औषध सोडून एक्स-रे काढणार.

९ फेब्रुवारी, सोमवार

एक्स-रे चांगला आला. अरुंद भाग कुठेच दिसला नाही. घरी पाठवलं. रविराज खुशीत.

सकाळी आत्तींनी वॉर्डच्या न्हाणीत देठ लावला होता. मी बघितलं होतं. बाळ कण्हत होतं, मलाच बघवत नव्हतं. डॉक्टरांना सांगितलं असतं तर आत्तींना चारचौघांत बोलणी बसली असती. आणि खरं तर मला चांगलाच रिपोर्ट हवा होता.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जुलाब. शेजारच्या रचनाकाकू म्हणाल्या, "साफ हुतंय की! बरंच झालं." घरात सगळ्यांचं तेच. मीही मान डोलावली. दुपारी हात लावला तर अंग भाजत होतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बाळ अतिदक्षता विभागात. आतड्याला सूज. शी तुंबून कुजली की असेच जुलाब लागतात म्हणे, आणि आम्ही बरं झालं म्हणत बसलो!

मी देठाचं सांगून टाकलं. "एक्स-रेआधी आतडं मोकळं केलं की असा रोग लपतो," डॉक्टर एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आत्ती माझ्याशी बोलत नाहीत. मला त्यांचा राग येतोय. माझा त्याहून जास्त.

१६ फेब्रुवारी, सोमवार

तपासायला घेतलेला आतड्याचा तुकडा वरवरचा निघाला. त्यावरून काहीच सांगता येत नाही. दुसरा घ्यायचा, पण आधी ताप उतरू दे म्हणतात. ताप उतरत नाही. पोट पुन्हा वर आलंय. कशाची वाट बघतोय आपण?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आत्ती आपणहून डॉक्टरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "रविराजच्या आदी माझा एक गेलाय, सायेब. असंच प्वाट फुगून. दिष्ट लागली म्हनले, परत विषय काढू दिला न्हाय घरात. मग ह्येला, रविराजला, मी देठावरच जगवला."

डॉक्टर मग दुसऱ्या तुकड्यासाठी थांबले नाहीत. बाळाला आत नेलंय. पोटावरून शीला वाट काढून देणार आहेत.

आपल्याला भाऊ होता हे रविराजला आज कळलं. त्याने नाव विचारलं. आत्ती म्हणाल्या, "बारशाआदीच गेलतं."

आमचंही बारसं अजून व्हायचंय.