विहीणबाईंना वाढलेले ज्याओझ

शेनयांग, शनिवार दुपार

तीर्थस्वरूप आक्काच्या पायांशी आमेइचा वाकून नमस्कार.

तुझ्या डाव्या कानाचं कसं काय ते कळव. उजव्याची आशा मी सोडली आहे. फोनवर मी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करते आणि तू मला कोंबड्यांची खुशाली सांगतेस, म्हणून हे पत्र. आम्ही सगळे ठीक. इकडे खिडकीबाहेर ठेवलेला कोबी थंडीने दगड होतो, आणि घरात भिंतीतल्या नळ्यांतून गरम पाणी खेळवलेलं असल्यामुळे माणसं बनियनवर वावरतात. मी स्वेटर काढत नाही. आपण कुठल्या आणि कशा वाढलो याची कुणाला तरी आठवण हवी.

तुला ठाऊकच आहे, आपल्या च्येनपिंगच्या घरात आजीसाठी खोली एक आणि खाट एक. सहा महिने मी, सहा महिने सूनबाईची आई थोंग विहीणबाई, असं ठरलेलं. माझे सहा महिने उद्या रविवारी भरतात. (मी मोजत नव्हते. कॅलेंडर चुलीसमोर टांगलेलं आहे, नजर जाते.) आता नातीचं, मीलीचं ऐक. मी उन्हाळ्यात आले तेव्हा ती चार वर्षांची पोर माझ्या तोंडाकडे बघायची आणि आईला विचारायची, "ही बाई काय म्हणते?" तिची चूक नाही. आपली गावची बोली डोंगरापलीकडच्या गावाला कळत नाही, तर या उत्तरेतल्या पोरीला काय कळणार? म्हणून सहासष्टाव्या वर्षी मी मोहल्ल्याच्या कार्यालयात वयस्करांना देशभर चालणारी, सर्वांची भाषा शिकवतात त्या वर्गात नाव घातलं. मंगळवार नि शुक्रवार. वही, पेन्सिल, गृहपाठ, सगळं. आमच्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, पण उच्चार चुकला की अशा बघतात की मला थेट आपल्या आईची आठवण होते. पाच महिन्यांत मी सशाची गोष्ट सबंध सांगू लागले. मीली मध्येमध्ये मला थांबवून दुरुस्त करते आणि पुन्हा म्हणायला लावते. गेल्या महिन्यात एकदा दुपारी ती उशी घेऊन माझ्या खाटेवर आली आणि म्हणाली, "आजी, सरक." आक्का, मी सरकले, भिंतीकडे तोंड केलं आणि रडले. आता सहा महिने गेले की ही पोर मला विसरणार. चार वर्षांचं मूल सगळं विसरतं. मला पुन्हा "ही बाई" व्हायचं नाही.

असो. गुरुवारी सकाळी दहाला विहीणबाई आगगाडीने यायच्या होत्या. माझ्या मनात आलं, जाता जाता त्यांचा मान राखावा. तुझ्या-माझ्या हातची साखरपाण्यातली अंडी पाहुण्याला द्यायची आपली रीत, पण त्यांच्या गावचं काही करावं म्हणून मी पहाटे उठून ज्याओझ करायला घेतले. (मैद्याची पातळ पारी लाटायची, कोबी नि डुकराच्या मांसाचं सारण भरायचं, कडेला मुरड घालायची आणि उकळत्या पाण्यात सोडायचे. पहिल्या विसांच्या तरी मुरडी सुटत होत्या. ते मी आणि मीलीने खाऊन टाकले.) शंभर केले. विहीणबाई आल्या, आंबवलेल्या कोबीच्या दोन बरण्या आणि बोचकं दाराशी ठेवलं, बसल्या. मी वाफाळती ताटली पुढे केली.

त्यांचा चेहरा उतरला. अगदी वात विझावी तसा. चौदा खाल्ले, प्रत्येकाची तारीफ केली, ताटली स्वतः विसळली, आणि म्हणाल्या की त्या फक्त नातीला बघायला आल्या होत्या, घरी कामं पडलीत, दुपारच्या गाडीने परततील. मी थक्क. मीली टेबलाखालून म्हणाली, "आजी, जाणाऱ्याला ज्याओझ देतात. येणाऱ्याला शेवया. कोण चाललंय?"

तर आक्का, इकडची रीत अशी आहे. माणूस घरी आलं की त्याला रश्श्यातल्या लांब शेवया वाढायच्या, म्हणजे पाय घरात गुंततो. माणूस निघालं की ज्याओझ. मी विहीणबाईंना उंबऱ्यातच निरोप दिला होता. त्या बूट घालू लागल्या तेव्हा मला काहीतरी सुचायला हवं होतं. पण वर्गात घोकून घेतलेलं एकच वाक्य जिभेवर आलं, निघालेल्या पाहुण्याला म्हणतात ते, "सावकाश जा हं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बरणी धरली, त्यांनी ओढली, मी पुन्हा धरली. मीली मध्ये बसून दोघींना सोडवत होती.

शेवटी मीलीने तिच्या बापाला फोन लावला आणि च्येनपिंग कामावरून धावत आला. "आई दक्षिणेची, तिला ही रीत ठाऊक नाही, शिकतेय अजून," असं त्याने विहीणबाईंना पुन्हा पुन्हा सांगितलं. मी मान खाली घालून उभी. विहीणबाई मनाने फार मोठ्या. बूट काढले, माझे हात हातात घेतले, पिठाने फुटलेली बोटं पाहिली आणि म्हणाल्या, "माझ्यासाठी पहाटे उठलात, आणि मी रुसून बसले. मेली मीच." तेव्हापासून त्या एका खाटेवर माझ्याशेजारी झोपतात. त्या घोरतात. मी काही म्हणत नाही.

माझं उद्याचं तिकीट काढलेलं आहे. बाकी क्षेम. तुझ्या जावेला माझा नमस्कार सांग, पत्र दाखवू नकोस.

तुझी धाकटी,
आमेइ

ता. क. माझी गादी उन्हात घालू नकोस, माझ्या कोंबड्याही तूच ठेव. वाळवलेले बांबूचे कोंब दोन शेर आणि थोडी सुकट टपालाने पाठव, विहीणबाईंना चाखवायची आहे.

ता. क. दुसरा. कुणाजवळ बोलू नकोस. मला ती रीत ठाऊक होती. अकरावा धडा, 'पाहुणचार'. बाईंनी तीनदा म्हणवून घेतला होता. मी वहीत लिहून काढला आणि त्यावर बरोबरची लाल खूण आहे. विहीणबाई परत गेल्या असत्या तर च्येनपिंगने मलाच थांब म्हटलं असतं. मी एवढाच विचार केला. मला लाज वाटते, पण ज्याओझ मनापासून केले होते, तेही खरं.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करायच्या आधी लिहिते. आज सकाळी उठले तर विहीणबाई कणीक मळत होत्या. मी दाराशी उभी राहून बघत होते, पारी लाटतात की काय. त्यांनी कणीक पातळ लाटली, घडी घातली आणि सुरीने लांब लांब शेवया कापल्या. वाटी माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, मी कुठे आज आले आहे, मी तर उद्या जाणार. त्या म्हणाल्या, "खा गुपचूप. खाट मोठी आणूया म्हणते मी जावईबापूंना." वाटीखाली माझी वही होती. अकराव्या धड्याचं पान दुमडलेलं होतं.