मधलं मशीन

मी, कपडे शिवणारी बाई, वय सत्तरीच्या पुढं, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी दटावलं नसताना हे लिहून ठेवते. वकिलीणबाईंचे मोठे शब्द माझ्या हाताला बसत नाहीत. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

१. ही शिवणखोली माझ्या एकटीची. पूर्वी मागचा हॉल, वरचा मजला, समोरचं कापडाचं गोदाम, सगळं आपलं होतं. मग थोरल्यानं पलीकडं तयार कपड्यांचा कारखाना काढला. आधी माझ्या शिवणाऱ्या पोरी गेल्या, मग गिऱ्हाइकं, मग हॉल. भांडण नाही हो. "आई, कशाला दगदग करतेस?" असं गोडीगोडीनं.

माझी नात ताऱ्यांचं शिकते. गुणाची आहे, तिचं कौतुक किती लिहू. परवा कापायच्या टेबलावर बसून म्हणाली, "आजी, छोटी दीर्घिका मोठीच्या फार जवळ गेली ना, की मोठी तिचे बाहेरचे तारे ओढून घेते. उरतो मधला घट्ट गुच्छ. बघणाऱ्याला वाटतं, हा पहिल्यापासून एवढाच."

"म्हणजे आपली खोली," मी म्हटलं. किती हसली ती.

"मग पूर्वी मोठी होती, हे कळतं कसं?" मी विचारलं.

"कधीकधी मध्ये फार जड कृष्णविवर असतं. दिसत नाही. पण जवळचे तारे त्याच्याभोवती भराभर फिरतात. एवढ्याशा गुच्छात एवढं जड येईल कुठून?"

मग दोघींची नजर मधल्या मशीनकडं गेली.

२. मधलं मशीन माझ्या लेकीचं, म्हणजे नातीच्या आईचं. ती गेली तेव्हा नात पाळण्यात होती. सुईत निळा दोरा तसाच आहे. त्यावर कुणी बसत नाही, त्याविषयी कुणी बोलत नाही, वळसा घालून जातात.

खोली माझ्याकडं उरलेल्या काजवालीला आणि इस्त्रीवालीला द्यायची होती. काजवाली म्हणाली, "मावशी, तुम्ही आहात तोवर आम्ही. नंतर कारखान्यातच जाऊ." खरं बोलली, राग नाही. नात परदेशी चालली, तिला अडवू नका. तेव्हा खोली आणि मशीन थोरल्यालाच. तो ते आधी भिंतीशी सरकवेल, मग भंगारात देईल. माझाच मुलगा, मला ठाऊक आहे.

३. मोठी कात्री नातीला. बाई गं, विमानात हातातल्या पिशवीत ठेवू नकोस, काढून घेतील.

४. थोरल्या सुनेला माझं स्टूल. माझ्या शिवणीला ती "घरगुती" म्हणाली होती. त्यावर बसून एक काज करून बघावं.

साक्षीदार: काजवाली, इस्त्रीवाली. साक्षीदारानं काही घ्यायचं नसतं म्हणतात, म्हणून त्यांच्या साड्या आधीच देऊन टाकल्या.

ठिकाण: हीच खोली. तारीख: आजची, वकिलीणबाई घालतील.

सही केली.

ता. क. थोरल्याच्या हातून होण्यापेक्षा आपणच केलेलं बरं, म्हणून आज सकाळी मीच ते मशीन भिंतीशी सरकवलं. दोघी सहीला आल्या, त्या मधल्या मोकळ्या जागेला वळसा घालून.