कराचीला लाईन मिळत न्हाई

जाफराबाद,
मंगळवार

प्रिय सलमा,

तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे डोक्याला ताप. दोन शब्द झाले की तू रडतीस, मागून तुझ्या घरातलं कोणीतरी खोकतं, आन तू "बघू, बघू" करत फोन ठेवतीस. म्हणून कागदावर लिहून राह्यले. तुझा भाचा मुझफ्फर सुट्टीवर आल्ता, तो परवा शारजाला परत चाललाय. तिथून टपालानं टाकील. चौथीपर्यंत एका बस्करावर बसलो आपण, तेवढं मराठी तू विसरली नसशील. तिथं कराचीत तुझ्या सासरी दुसऱ्या कोणाला हे वाचता येत न्हाई, तेही बरंच हाय.

पहिले ऐक, मी विमान कंपनी काढली. हसू नको. आमच्या तृप्तीनं पुण्याला जाताना माझ्या मोबाइलात खेळ टाकून दिल्ता. गिऱ्हाइकाचं दळण पडेपर्यंत गिरणीवर बसून करायचं काय? विमानं घ्यायची, कुठून कुठं सोडायची ते ठरवायचं, माणसं भरली की आणखी विमानं घ्यायची. संभाजीनगरपासून सुरुवात केली. वर्षात चौदा विमानं झाली. दुबई, कोलंबो, लंडनसुद्धा. पिठाच्या हातानं लंडन, सलमा!

तुझी अम्मी रोज चारला गिरणीवर येऊन बसते. खालाचा एक डोळा काचबिंदूनं गेला ते तुला माहीत हाय, दुसऱ्यातलं बी कमी होऊन राह्यलंय. मोबाइल नाकाला लावून माझी विमानं बघते. एक दिवस म्हणाली, "दैवशाला, इत्ते जगा भेजती, एक कराची कू भेज ना." मी म्हणलं, त्यात काय. बोट लावलं तर रेघ लाल. परत लावलं, परत लाल. तृप्तीला विचारलं तर म्हणे, आई, तिथं लिहिलंय राजकीय निर्बंध, दोन देशांचं पटत न्हाई म्हणून ही लाईन मिळत न्हाई. अगं पण खेळ हाय ना हा? विमानं खोटी, माणसं खोटी, पेट्रोल खोटं, मंग बंदी तेवढी खरी कशी? लंडन चालतं आन मुंबईहून दीड तासावरचं कराची चालत न्हाई! तो खेळ करणारा समोर असता तर गिरणीच्या पट्ट्यातच घातला असता. खालाला सांगितलं तर ती नुसती हसली. "वहां भी?" म्हणाली. तिच्या त्या हसण्यानं माझं डोकं जास्त फिरलं.

तू शेवटची आलीस त्याला अकरा वर्षं झाली. मंग दोनदा तुझा व्हिसा नाकारला, आता तर दारच बंद. तुझ्या भावाला, पाशामियाँला, किती सांगितलं, काहीतरी कर. तो म्हणतो, "आपा, हमारा नाम कागज पे नक्को." त्याला तरी काय बोलू? घरी चौकशीला शिपाई आला की सगळी गल्ली दारात येऊन उभी राहते.

रागारागात मी खेळात दुसरीच कंपनी काढली, शारजाची. तिथून कराचीची रेघ हिरवी, मुंबईचीही हिरवी. दोन्हीकडची माणसं गुपचूप तिथं उतरून राह्यली. मी गिरणी बंद केली आन खालाला म्हणलं, उठ, पासपोर्टचा फोटो काढायला चल. फोटोवाला म्हणला, डोळे मोठे करा. खाला म्हणाली, "जितने हैं उतनेच खुलेंगे."

पुढं काय सांगू. पासपोर्टच्या ऑफिसातून दोनदा परत आलो, जीपमधून अंग मोडून. एकदा तिच्या जन्माचा दाखला बराबर नव्हता, दुसऱ्यांदा का परत पाठवलं ते त्यांनाही सांगता आलं न्हाई. चौकशीला आलेला पोलीस मला विचारतो, तुम्ही यांच्या कोण? म्हणलं गिरणीवाली, लिहा तसं. मी बी जाणार म्हणल्यावर आमचे मालक आठ दिवस बोलले न्हाईत. न बोलू देत, घरात जरा शांतता हाय. दोन्ही पासपोर्ट आले. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला आम्ही शारजाला उतरतो, मुझफ्फरच्या खोलीवर चार दिवस. तुझ्या व्हिसाचे कागद तो तिथून पाठवतो म्हणलाय. आन एवढं सगळं फोनवर सांगितलं तर तू काय म्हणालीस? गुडघे दुखतात, ह्यांना विचारते, बघू.

आता फोनवर जे बोलता आलं न्हाई ते. जालन्याच्या डॉक्टरनं उरलेल्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दिल्ती. नजर वाचेलच असं न्हाई, हेही सांगितलं. खालानं तारीख परत केली. "पहले बेटी कू देखती, बाद में काटो." मोबाइलात तुझं मुंडकं दिसतं, ते तिला चालत न्हाई. डॉक्टर माझ्यावर ओरडला, म्हणला रोज थोडी थोडी नजर जाऊन राह्यली. मंग मी काय करणार? तिला सांगून टाकलं, सलमा हो म्हणाली, बाराला तिथं असेल. तेव्हा कुठं तिनं वीस तारखेच्या ऑपरेशनला अंगठा दिला. तू हो म्हणाली न्हाईस, मला चांगलं माहीत हाय. मी तुझ्या नावानं तुझ्या अम्मीशी खोटं बोलले, आन ती परवापासून पिशवी भरून दाराशी ठेवून बसलीय. ते खरं करायचं आता तुझ्याकडं हाय.

बाराला विमानतळावर भेटशील, तर तुझीच,
दैवशाला